कागदावर न मावलेला स्वर : ब्लूजची जडणघडण आणि मालकीचा प्रश्न

ब्लूज या अमेरिकन संगीताची ओळख करून देताना दोन विधानं हमखास केली जातात. एक, हे काळ्या गुलामांचं दुःखाचं गाणं आहे. दुसरं, ते बारा 'बार'च्या ठरलेल्या साच्यात गायलं जातं. दोन्ही विधानं पूर्ण खोटी नाहीत, पण दोन्ही अर्धवट आहेत. ब्लूज घडवला तो गुलामगिरी कायद्याने संपल्यानंतर वाढलेल्या पिढीने. आणि बारा बारचा साचा एवढा पक्का झाला तो छापील कागद आणि तबकडी यांच्यामुळे. म्हणून ब्लूजचा इतिहास पाहताना कोण गायलं हा प्रश्न पुरत नाही. ते कोणी लिहून घेतलं आणि कोणाच्या नावावर लिहून घेतलं, हेही विचारावं लागतं. या लेखात हा दुसरा प्रश्न हाताशी ठेवून ब्लूजच्या संगीताकडे पाहायचं आहे.

मुक्तीनंतरची जमीन

महात्मा फुले यांनी 'गुलामगिरी' हे पुस्तक १८७३ साली प्रसिद्ध केलं आणि ते अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे मराठी वाचकाला माहीत आहे. त्या वेळी अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून आठ वर्षं झाली होती. दक्षिणेकडच्या राज्यांत काळे नागरिक मतदान करत होते, विधिमंडळात निवडून येत होते. फुल्यांनी ज्या अमेरिकेकडे आशेने पाहिलं ती हीच. पण १८७७ नंतर केंद्र सरकारने दक्षिणेतून आपला हात काढून घेतला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत मताचा हक्क, शाळा, न्यायालय यांची दारं एकेक करून पुन्हा बंद झाली. ब्लूज उगवला तो या बंद होत जाणाऱ्या काळात.

जमीन गोऱ्या मालकाची राहिली आणि कसणारा काळा माणूस बटाईवर आला. बी-बियाणं, खेचर, वर्षभराचं पीठ-मीठ मालकाच्याच दुकानातून उधारीवर मिळे. कापूस वेचून झाला की वर्षअखेरीला हिशेब होई. वही मालकाची आणि लिहिणाराही तोच, त्यामुळे बहुतेकांच्या नावावर कर्जच उरे. लिहिणाऱ्याच्या हाती सत्ता असते हा धडा ब्लूज गाणाऱ्यांच्या आईबापांनी आधी शेतावर गिरवला होता. त्यांच्या मुलांना तो पुढे तबकडी कंपन्यांच्या कचेऱ्यांत पुन्हा गिरवावा लागला.

ज्याला 'मिसिसिपी डेल्टा' म्हणतात तो नदीच्या मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश नव्हे. मिसिसिपी राज्याच्या वायव्येला, मिसिसिपी आणि याझू या नद्यांच्या मधलं ते काळ्या मातीचं सपाट मैदान आहे. तिथलं जंगल तोडून कापसाचे मोठे मळे उभे राहिले. विल डॉकरी याने १८९५ साली वसवलेला मळा त्यांतलाच. चार्ली पॅटनसारखे गायक याच मळ्याच्या आसऱ्याने वाढले. शनिवारी रात्री मजुरांच्या नाचगाण्याला गिटारवाला लागे, आणि टपालाने माल पाठवणाऱ्या कंपन्यांच्या कॅटलॉगमुळे स्वस्त गिटार खेड्यापाड्यांत पोचू लागली होती.

ब्लूजमध्ये अनेक ओढे येऊन मिळाले. खेचर हाकताना, कापूस वेचताना दिलेली लांब हाळी, टोळीने काम करताना एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलायचं असं श्रमगीत, चर्चमधलं सामूहिक गायन, गोऱ्या-काळ्या दोघांतही चालणारे कथागीतांचे पोवाडे, फिरत्या तंबूतले खेळ. पण कवी-समीक्षक लरॉय जोन्स याने 'ब्लूज पीपल' (१९६३) या पुस्तकात एक मुद्दा मांडला आहे, तो मला कळीचा वाटतो. श्रमगीत समूहाचं असतं, ब्लूज एकट्याचा असतो. ब्लूजमधला 'मी' स्वतःच्या प्रेमाबद्दल, भांडणाबद्दल, प्रवासाबद्दल बोलतो. गुलामाला गाव सोडून जाता येत नव्हतं, जोडीदार निवडता येत नव्हता. मुक्तीने दिलेल्या हक्कांपैकी हे दोनच खऱ्या अर्थाने हातात उरले. ब्लूजमध्ये रेल्वेगाड्या आणि प्रेमाची भांडणं एवढी का आहेत, त्याचं उत्तर इथे आहे.

गाण्याची रचना

आता संगीताकडे वळू. ब्लूजचं कडवं तीन ओळींचं असतं. पहिली ओळ गायची, तीच पुन्हा गायची आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर द्यायचं. समजावण्यापुरता मीच जुळवलेला एक मराठी नमुना देतो :

नदी चढली रात्री, माझं घर पाण्यात गेलं,
अगं, नदी चढली रात्री, माझं घर पाण्यात गेलं,
मालक विचारतो, बाई, माझ्या हप्त्याचं काय केलं?

ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा श्रोता उत्तराची वाट पाहू लागतो. गायकालाही तिसरी ओळ जागच्या जागी जुळवायला उसंत मिळते. तिसरी ओळ पुष्कळदा तिरकस असते, हसवते. ब्लूज निव्वळ रडगाणं नसल्याचा हा पहिला पुरावा. रडण्याच्या कडेला उभं राहून केलेला विनोद हा त्याचा स्थायीभाव आहे.

या तीन ओळी बारा बारमध्ये बसवल्या जातात. एक बार म्हणजे चार मात्रांचा खंड. म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं एक आवर्तन झालं. प्रत्येक ओळीच्या वाट्याला चार बार येतात, पण गाणं साधारण दोन-अडीच बारमध्ये संपतं. उरलेल्या जागेत गिटार, पियानो किंवा कॉर्नेट जबाब देतं. सवाल-जबाबाची ही जागा ब्लूजचा प्राण आहे. टोळीतल्या श्रमगीतात जबाब बाकीचे मजूर देत. एकट्या गायकाने ते काम गिटारला दिलं.

खालचा स्वराधार तीन कॉर्डचा असतो. षड्जावरची कॉर्ड पहिले चार बार, मग मध्यमावरची दोन बार, पुन्हा षड्जावरची दोन बार, नंतर पंचमावरची, मध्यमावरून उतरून पुन्हा षड्ज. यात एक गंमत आहे. या तिन्ही कॉर्डमध्ये बहुधा सातवा स्वर कोमल करून मिसळलेला असतो. युरोपीय शास्त्राप्रमाणे अशी कॉर्ड अस्वस्थ असते आणि तिने पुढे सरकून दुसऱ्या कॉर्डवर विसावायलाच हवं. ब्लूजमध्ये गाणं तिच्यावरच सुरू होतं आणि पुष्कळदा तिच्यावरच संपतं. अस्वस्थता हेच तिथे घर आहे.

त्याहून महत्त्वाचा आहे 'ब्लू नोट' म्हणून ओळखला जाणारा स्वर. आपल्या भाषेत सांगायचं तर कोमल गांधार आणि शुद्ध गांधार यांच्या मध्ये कुठेतरी लागणारा गांधार. निषादाचंही तसंच, आणि पंचमाच्या अलीकडच्या जागेचंही. हा स्वर एका जागी उभा राहत नाही, खालून वर घासत येतो किंवा वरून ओघळतो. कॉर्डमध्ये शुद्ध गांधार वाजत असताना गळा त्याच्या खाली रेंगाळतो आणि त्या घर्षणातून ब्लूजचा खास रंग येतो. श्रुती आणि मींड यांवर पोसलेल्या कानाला यात नवल वाटणार नाही. पण बारा पट्ट्यांच्या पियानोवर ही जागाच नाही. म्हणून पियानोवाले शेजारच्या दोन पट्ट्या एकत्र चिरडतात. गिटारवाले तार बोटाने ओढतात, किंवा बाटलीची मान बोटात घालून अथवा चाकूचं पातं तारेवरून सरकवतात. बी. बी. किंग याचा नातेवाईक बुका व्हाइट असं सरकवून वाजवण्यात तरबेज होता. किंगला ते जमेना, तेव्हा त्याने बोटाच्या थरथरीतून तोच परिणाम साधायचा प्रयत्न केला. त्याची जगप्रसिद्ध शैली त्यातून तयार झाली.

हा स्वर आला कुठून? संगीतशास्त्रज्ञ गेऱ्हार्ट कुबिक याने 'आफ्रिका अँड द ब्लूज' (१९९९) या ग्रंथात पश्चिम आफ्रिकेच्या कोरड्या गवताळ पट्ट्याकडे बोट दाखवलं आहे. तिथल्या तंतुवाद्यांच्या साथीने एकट्याने गाण्याच्या परंपरेत अशा घसरत्या स्वरांना स्थान आहे. दक्षिण अमेरिकेतल्या नव्हे, तर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या दक्षिणेत मुलं घराच्या भिंतीवर एक तार ठोकून, तीवर बाटली सरकवत वाजवत, त्या खेळण्याची नाळही आफ्रिकेशी जोडली जाते. पण ब्लूज जसाच्या तसा आफ्रिकेत सापडत नाही. जुन्या कानाने आणि नव्या देशातल्या कॉर्डनी मिळून तो घडवला.

कागदावर उतरताना

ब्लूजच्या आसपासचं संगीत टिपण्याचा एक सुरुवातीचा प्रयत्न झाला तो योगायोगाने. हार्वर्डचा पुरातत्त्वज्ञ चार्ल्स पीबडी १९०१-०२ मध्ये डेल्टातल्या क्लार्क्सडेल परिसरात प्राचीन टेकाडांचं उत्खनन करत होता. खोदणारे मजूर गात. त्या गाण्यांवर त्याने १९०३ साली टिपण छापलं. कामाच्या वेळची गाणी त्याला उतरवता आली, पण साथीशिवाय एकट्याने आळवलेल्या सुरांचा नेमका वृत्तांत देणं कठीण असल्याचं त्याने कबूल केलं. स्वरलिपीच्या चौकटीतून ब्लूज निसटतो, याची ही पहिल्या काही नोंदींपैकी एक.

त्याच सुमारास डब्ल्यू. सी. हॅंडी हा शिकलेला काळा बँडमास्टर क्लार्क्सडेलमध्ये राहत होता. १९४१ सालच्या आत्मचरित्रात त्याने दोन प्रसंग सांगितले आहेत. पहिला १९०३ च्या सुमाराचा. टटवायलर स्टेशनवर गाडीची वाट पाहताना फाटक्या कपड्यांतला एक माणूस चाकू तारेवर दाबून गिटार वाजवत, एकच ओळ पुन्हा पुन्हा गात होता. असं विचित्र संगीत हॅंडीने कधी ऐकलं नव्हतं. दुसरा प्रसंग क्लीव्हलंड गावचा. हॅंडीचा बँड थांबला असताना तीन स्थानिक वादकांनी मोडक्या वाद्यांवर एक संथ, न संपणारी धून वाजवली आणि नाचणाऱ्यांनी त्यांच्या पायाशी नाण्यांचा पाऊस पाडला. या संगीताला बाजार आहे हे हॅंडीला तेव्हा उमगलं.

स्टेशनवरच्या माणसाचं नाव हॅंडीच्या पुस्तकात नाही. हॅंडीचं नाव मात्र 'ब्लूजचा जनक' म्हणून राहिलं. पण त्याला खलनायक ठरवणं अन्यायाचं होईल. १९१२ साली त्याने 'मेम्फिस ब्लूज' छापलं आणि त्याचे हक्क ५० डॉलरला विकले. पैसा दुसऱ्यांनी कमावला. ते हक्क परत मिळायला त्याला २८ वर्षं थांबावं लागलं. त्यातून शहाणा होऊन त्याने स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि १९१४ चं 'सेंट लुईस ब्लूज' स्वतःकडे ठेवलं. आयुष्यभर त्याला त्याचं उत्पन्न मिळालं. कागदाची ताकद ओळखणाऱ्या फार थोड्या काळ्या संगीतकारांत त्याची गणना करावी लागेल.

पण छापील कागदाने आणखी एक गोष्ट केली. बँडमधल्या दहा जणांना एकाच वेळी कॉर्ड बदलायची तर बारा म्हणजे बाराच बार हवेत. एकट्या गिटारवाल्याला तसं बंधन नव्हतं. जॉन ली हूकर पुढे कित्येक दशकं एकाच कॉर्डवर रेंगाळत, ओळ संपेल तिथे बार संपवत राहिला. कधी अकरा, कधी साडेतेरा. त्याच्याबरोबर वाजवणाऱ्यांची धांदल उडे. पाठ्यपुस्तकं अशा गायनाला 'अनियमित' म्हणतात. माझ्या मते क्रम उलटा आहे. आधी हा मोकळेपणा होता आणि नियम नंतर छापला गेला.

तबकडी आणि बायका

१० ऑगस्ट १९२० रोजी न्यूयॉर्कमध्ये मेमी स्मिथने ओके कंपनीसाठी 'क्रेझी ब्लूज' ध्वनिमुद्रित केलं. काळ्या गायिकेने गायलेली ही पहिली ब्लूज तबकडी. ती एवढी खपली की काळा गिऱ्हाईकही तबकड्या विकत घेतो हे कंपन्यांच्या ध्यानात आलं. मग 'रेस रेकॉर्ड्स' नावाने वेगळी बाजारपेठच उघडली गेली.

ब्लूज म्हटलं की आज डोळ्यांपुढे उभा राहतो तो धुळीच्या रस्त्यावरचा एकटा गिटारवाला. पण तबकडीवर ब्लूज प्रथम आणला तो बायकांनी. मा रेनी, बेसी स्मिथ, अल्बर्टा हंटर, आयडा कॉक्स या तंबूंच्या आणि नाट्यगृहांच्या रंगमंचावर तावून सुलाखून निघालेल्या व्यावसायिक गायिका होत्या. बेसीची पहिली गाजलेली तबकडी १९२३ सालची 'डाउनहार्टेड ब्लूज'. गाणं लिहिलं होतं अल्बर्टा हंटर आणि पियानोवादक लव्ही ऑस्टिन या दोन बायकांनी. बेसीला कोलंबिया कंपनी तबकडीमागे ठरावीक रक्कम देई. रॉयल्टी नाही. तबकडी कितीही खपो, पुढचा पैसा कंपनीचा.

सवाल-जबाब म्हणजे काय ते ऐकायचं असेल तर बेसीने जानेवारी १९२५ मध्ये गायलेलं 'सेंट लुईस ब्लूज' ऐकावं. तिच्या प्रत्येक ओळीनंतर तरुण लुई आर्मस्ट्राँगचं कॉर्नेट उत्तर देतं. आणि मराठी कानाला चकित करणारी गोष्ट म्हणजे साथीला फ्रेड लॉन्गशॉ याने वाजवलेला रीड ऑर्गन आहे. आपल्या संगीत नाटकांत साथीला असायचा त्याच कुळातलं हे वाद्य. ऑर्गनला मींड येत नाही. त्याच्या स्थिर स्वरांवर बेसीचा गांधार कसा खाली कलतो, ते म्हणूनच इथे स्वच्छ ऐकू येतं.

कंपन्यांचं लक्ष खेड्यातल्या गिटारवाल्यांकडे वळलं ते १९२६ पासून, टेक्सासच्या ब्लाइंड लेमन जेफरसनच्या यशानंतर. त्याची तबकडी काढणारी पॅरामाउंट ही मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याची शाखा. कारखाना ग्रामोफोनची लाकडी कपाटं बनवी, आणि कपाटं खपायची तर तबकड्या हव्यात, एवढाच हिशेब. चार्ली पॅटनची पहिली ध्वनिमुद्रणं १९२९ ची. एका बाजूला सुमारे तीन मिनिटं मावत, म्हणून नाचाच्या रात्री अर्धा तास चालणारं गाणं पाच-सहा कडव्यांचं झालं. महामंदीत हा धंदाच कोसळला आणि पॅरामाउंटने १९३२ मध्ये ध्वनिमुद्रण बंद केलं. त्यानंतर आलेल्या रॉबर्ट जॉन्सनने १९३६ आणि १९३७ मध्ये एकूण २९ गाणी मुद्रित केली आणि १९३८ साली, २७ व्या वर्षी तो गेला. चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून त्याने कला मिळवली, ही दंतकथा त्याच्या नावावर खपते. ती आधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच गायकाबद्दल सांगितली जाई. रॉबर्टच्या गिटारमध्ये पियानोच्या डाव्या हाताची चाल ऐकू येते. तबकड्या लक्ष देऊन ऐकणाऱ्या मेहनती कलावंताचं ते काम आहे. दंतकथेने त्याची मेहनत झाकली.

वीज आली

ऑगस्ट १९४१ मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेसचा ॲलन लोमॅक्स आणि फिस्क या कृष्णवर्णीय विद्यापीठातला संगीतज्ञ जॉन वर्क हे स्टोव्हॉल मळ्यावर पोचले. तिथल्या मकिन्ली मॉर्गनफील्ड नावाच्या मजुराचं गाणं त्यांनी मुद्रित केलं. त्याने स्वतःचा आवाज तबकडीवर ऐकला. १९४३ साली तो शिकागोची गाडी पकडून गेला. जग त्याला मडी वॉटर्स म्हणून ओळखतं. पुढच्याच वर्षी क्लार्क्सडेलजवळच्या हॉप्सन मळ्यावर कापूस वेचणाऱ्या यंत्रांचं प्रात्यक्षिक झालं. बटाईदाराची गरज संपत आली होती. १९७० पर्यंतच्या सहा दशकांत सुमारे साठ लाख काळे लोक दक्षिण सोडून गेले.

शिकागोच्या गजबजलेल्या बारमध्ये साधी गिटार ऐकू येईना, म्हणून ती विजेवर गेली. लिटल वॉल्टर मायक्रोफोन आणि माउथ ऑर्गन एकाच ओंजळीत धरून फुंकू लागला. त्या छोट्या वाद्यातून सॅक्सोफोनसारखा दाट, खरखरीत आवाज निघाला. ड्रम आणि बास आल्यावर साचा आणखी घट्ट झाला. पण गिटारची ओढलेली तार आणि गळा यांनी तो मधला गांधार सोडला नाही. विली डिक्सनने लिहिलेलं आणि मडीने १९५४ मध्ये गायलेलं 'हूची कूची मॅन' यात बँड एकच ठोका देऊन थांबतो, मोकळ्या जागेत मडी बोलतो, पुन्हा ठोका. सवाल-जबाबाचीच ही शहरी तऱ्हा.

हिशेबाची वही

मडी आणि डिक्सन यांच्या तबकड्या काढणारी चेस कंपनी पोलंडमधून आलेल्या दोन भावांची. गाण्यांचे प्रकाशन हक्क ज्या आर्क म्युझिक संस्थेकडे होते, तिच्यातही या भावांची भागीदारी होती. १९७० च्या दशकात मडी आणि डिक्सन दोघांनीही आर्कवर रॉयल्टीसाठी दावे लावले आणि तडजोड झाली. १९६२ नंतर युरोपात ब्लूजचे दौरे सुरू झाले होते, इंग्लंडची गोरी पोरं ही गाणी वाजवून श्रीमंत होत होती. लेड झेपलिनच्या १९६९ सालच्या 'होल लॉटा लव्ह'मध्ये आपल्या गाण्याचे शब्द आहेत, असा दावा डिक्सनने १९८५ मध्ये लावला. दोन वर्षांनी तो तडजोडीने मिटला. डिक्सनने ब्लूज कलावंतांना हक्क मिळवून देणारी संस्थाही काढली. मळ्यावरच्या बटाईदाराला वही उघडून पाहता येत नव्हती. डिक्सनने ती उघडायला लावली.

हा प्रश्न केवळ पैशाचा नाही. १९४१ च्या त्या मोहिमेवर लोमॅक्सने पन्नास वर्षांनी, १९९३ मध्ये 'द लँड व्हेअर द ब्लूज बिगॅन' हे गाजलेलं पुस्तक लिहिलं. त्यात जॉन वर्कच्या वाट्याला जवळजवळ काहीच आलं नाही. वर्कने त्याच मोहिमेवर स्वतंत्र हस्तलिखित तयार केलं होतं, गाणी स्वरलिपीत उतरवली होती. ते गहाळ झालं आणि 'लॉस्ट डेल्टा फाउंड' या नावाने छापलं गेलं २००५ साली. तोवर वर्क जाऊन जवळजवळ चार दशकं झाली होती.

बेसी स्मिथ १९३७ साली क्लार्क्सडेलजवळ मोटार अपघातात गेली. गोऱ्यांच्या रुग्णालयाने तिला दारातून परत पाठवलं ही गोष्ट अजून सांगितली जाते. प्रत्यक्षात तिला काळ्यांच्याच रुग्णालयात नेलं होतं. वर्णभेद एवढा पक्का होता की दुसरीकडे नेण्याचा विचारही होण्याचं कारण नव्हतं. तिच्या तबकड्या विकल्या जात राहिल्या आणि थडगं १९७० पर्यंत नावाविना राहिलं. दगड बसवायचा खर्च दिला तो गायिका जॅनिस जॉप्लिन आणि लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली हुआनिटा ग्रीन या दोघींनी.

आज ब्लूज जगभर वाजतो. २०११ पासून मुंबईत वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत त्याचा महोत्सव सुरू झाला, आणि पहिल्याच वर्षी शिकागोचा बडी गाय तिथे वाजवून गेला. ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांना मी 'डाउनहार्टेड ब्लूज' सुचवतो, आणि तबकडीवरच्या गायिकेच्या नावाखालची दोन नावंही वाचायला सांगतो. त्यातल्या अल्बर्टा हंटरने साठीच्या उंबरठ्यावर गाणं सोडलं आणि न्यूयॉर्कमधल्या एका रुग्णालयात वीस वर्षं परिचारिका म्हणून काम केलं. सक्तीची निवृत्ती आली तेव्हा रुग्णालयाच्या कागदावर तिचं वय सत्तर होतं. खरं वय होतं ब्याऐंशी. त्याच वर्षी, १९७७ मध्ये, ती पुन्हा मंचावर उभी राहिली आणि १९८४ साली मृत्यू येईपर्यंतची उरलेली वर्षं तिने गाण्यात घालवली.